पडून प्यायचा कप

ईस्ट हॅलम, व्हरमाँट
६ ऑक्टोबर १९०७

प्रिय एझ्रा,

तू पाठवलेले मोजे पोचले. तुझा डबा रिकामा परत करत नाही, आत मेपल साखरेचे खडे आहेत. वॉशिंग्टनला जाऊन आपल्याकडची रीत विसरला नसशील अशी आशा आहे.

आता मुद्द्याचं. माझा भाऊ पेटंटच्या वकिलाकडं चित्रं काढतो, हे गावात सांगून सांगून मी थकले. लोकांना वाटतं तू बायकांची चित्रं काढतोस. यंत्रांची काढतो म्हटलं की त्यांचा विरस होतो. पण परवा जत्रेत एक गोष्ट घडली आणि ऑरिनला एकदम तुझी आठवण झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आमची गत.

लोटीला आम्ही गाडीत गादी घालून जत्रेला नेलं होतं. तापानं तिचं अंग लुळं केलं तेव्हा ती दहाची होती, आता एकोणीसची आहे, पण जत्रा काही सोडत नाही. तिथं बोस्टनच्या एका कंपनीचा विक्रेता होता, आजाऱ्यांच्या खोलीत लागणारं सामान विकणारा. लोटीनं पडल्या पडल्या मान वळवली आणि बापानं केलेल्या टिनाच्या कपातून सफरचंदाचा रस प्यायली. थेंब सांडला नाही. तो माणूस जवळ येऊन म्हणाला, "पुन्हा पी बघू." लोटी म्हणाली, "पुन्हा प्यायचा तर रस पुन्हा विकत घ्यावा लागेल, साहेब." त्यानं खरंच घेतला!

कप तू पाहिला आहेस. तोटीच्या तोंडाशी टिनाची चिमुकली झडप आहे, ती ओठांनी दाबली की उघडते, सोडली की मिटते. उशाशी आकड्याला टांगला की पाजणाऱ्याची गरज नाही. लोटीला कुणी घशात पाणी ओतलेलं सोसायचं नाही, तेवढ्यासाठी ऑरिननं तो केला. विक्रेता म्हणाला, "हा कप सरकारी कागदावर आपल्या नावानं करून घ्या, आमची कंपनी त्याचा हक्क तुमच्याकडून विकत घेईल." त्या पैशात हे घर आणि दुकान आमच्या मालकीचं होईल.

एझ्रा, मला श्रीमंत व्हायचं नाही. पण आमच्यामागं लोटीला टेकडीपलीकडं निराधारांना ठेवतात त्या गरीबघरात नेतील, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. तिथल्या खिडक्या उंच आहेत. लोटी म्हणते, पडून बघणाऱ्याला तिथं आभाळसुद्धा दिसत नाही. इथं तिला रस्ता दिसतो, बापाचं टिनकामाचं दुकान दिसतं. तिनं मरेपर्यंत याच खिडकीशी राहावं, एवढंच मागते.

साखरेच्या खाली बघ. ऑरिननं तुझ्यासाठी नवा कप करून ठेवलाय.

तुझी ताई,
अल्मायरा

---

वॉशिंग्टन
२० ऑक्टोबर १९०७

प्रिय ताई,

साखर कचेरीतल्या मंडळींनी उडवली, कप मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही.

या आठवड्यात माझ्या टेबलावर काय काय आलं सांगू? दूध काढताना गायीची शेपटी धरून ठेवणारा चिमटा. असला चिमटा या वर्षात तिसऱ्यांदा आला, म्हणजे देशभर गायी गवळ्यांना थोबाडत असणार. एका पाद्र्यानं झोपलेल्या श्रोत्याला खालून टोचणारा बाक पाठवलाय. असल्या शोधांची चित्रं काढता काढता माझे केस पिकले. रविवारी ऑरिनचा कप काढायला बसलो आणि पहिल्यांदाच चित्र काढताना कुणाचं तरी तोंड डोळ्यांपुढं आलं.

वकीलसाहेबांनी कप उघडून पाहिला. तोंडातून फक्त "हं" निघालं. ते फार बोलत नाहीत, त्यांचं "हं" म्हणजे मोठी शाबासकी समजा.

अर्ज असा असतो: वस्तू नवी हवी, उपयोगाची हवी, आणि ऑरिननं शपथेवर सांगायचं की ती त्याचीच कल्पना आहे. आणखी एक अट आहे. अर्जाआधी दोन वर्षांहून जास्त काळ ती वस्तू लोकांच्या वापरात असेल, तर पेटंट मिळत नाही. सरकारचं म्हणणं, जे एकदा लोकांना देऊन टाकलं ते परत मागता येत नाही. घरातल्या घरात करून बघितलेलं चालतं. तुमचा कप तर लोटीच्या उशाशीच असतो, मी स्वतः पाहिलाय, त्यामुळं तो प्रश्न आपल्याला नाही. मी वकिलांना तसं सांगूनही टाकलं.

कागद तयार करून पाठवतो. लोटीला सांग, तिचा मामा तिचं घर कागदावर काढतोय.

एझ्रा

---

ईस्ट हॅलम
११ जानेवारी १९०८

प्रिय एझ्रा,

सह्या झाल्या. न्यायाधीश म्हणजे आपला वाणीच, हे तुला ठाऊक आहे. त्यानं पिठाचे हात धुतले, चष्मा लावला आणि आवाज बदलून शपथ वाचली. कालपर्यंत माझ्याशी बटाट्यांवरून भांडणारा माणूस एकदम देवाच्या आज्ञा सांगणारा मोझेस झाला.

त्या लोकांच्या वापराच्या ओळीपाशी ऑरिन थांबला. मी विचारलं, "तू एक तरी कप विकलास का?" म्हणाला, "शपथेवर सांगतो, एकही नाही." "मग झालं की! लोकांचा वापर म्हणजे चौकातल्या पंपाचा पेला. आजाऱ्याच्या खोलीतल्या वस्तूला कुणी चव्हाट्यावरची म्हणतं का?" त्याला पटलं. वाण्यालाही पटलं. सही करून ऑरिननं टाक असा पुसला जसा आपल्या कातऱ्या पुसतो.

चित्र लोटीच्या छातीवर उभं धरलं तर किती वेळ बघत राहिली. कप मधोमध कापून दाखवलायस ना, ते तिला फार आवडलं. म्हणाली, "आतून बघितला तर चर्चसारखा दिसतो, बाबा." ऑरिन दुकानात निघून गेला. डोळे पुसायला गेला असणार, मी मागं गेले नाही.

त्याला थोडा खोकला आहे. थंडीच तशी पडलीय.

अल्मायरा

---

वॉशिंग्टन
२१ एप्रिल १९०८

प्रिय ताई,

बस आणि मग वाच.

पेटंट कचेरीतल्या परीक्षकानं जुनी दप्तरं पालथी घातली. पडून पिण्याचे कप बरेच निघाले, पण ओठांनी उघडणारी झडप एकातही नाही! एका वाक्यात दोन शब्द बदलायला सांगितलेत, ते बदलले की मंजुरीचा रस्ता मोकळा, असं वकीलसाहेब स्वतः म्हणाले, आणि "हं"पेक्षा जास्त शब्दांत म्हणाले. बोस्टनच्या कंपनीनंही दोनदा विचारणा केली.

आता फक्त थांबायचं. कुणी काही करायचं नाही.

लोटीला विचार, खिडकीला पडदे कुठल्या रंगाचे हवेत.

एझ्रा

---

ईस्ट हॅलम
९ मे १९०८

प्रिय एझ्रा,

लोटीला पिवळे पडदे हवेत. आणि तू थांबायला सांगितलंस खरं, पण आपल्या गावाला थांबणं कधी जमलंय?

झालं असं. तुझ्या पत्रातली बातमी मी पेकबाईला सांगितली, म्हणजे गावाला सांगितली. सरकार विचारतंय हा कप ऑरिनचाच का, म्हटल्यावर पाद्रीबाबांनी रविवारी वेदीवरून सांगितलं, "आपल्या माणसावर सरकारदरबारी प्रसंग आला की गाव उठून साक्ष देतं. चला." प्रार्थना झाल्यावर सगळे लिहायला बसले. मला आणि ऑरिनला पत्ताच नाही. अर्जाचा क्रमांक पाद्रीबाबांनी माझ्याकडून आधीच गोड बोलून काढून घेतला होता. जाडजूड पाकीट थेट पेटंट कचेरीत गेलं, आणि काल संध्याकाळी त्यांनी घरी येऊन आम्हाला सगळं वाचून दाखवलं.

काय काय लिहिलंय म्हणून सांगू! पेकबाई लिहिते, "माझी आई १९०४ चा अख्खा हिवाळा या कपातून प्यायली. शेवटचं पाणीसुद्धा तिनं स्वतःच्या ओठांनी घेतलं, कुणी पाजलं नाही. हा कप ऑरिन थेयरचा. दुसरा कुणी माझा म्हणत असेल तर त्याला माझ्याकडं पाठवा." आणि जाबेझ कोल, कुंपणावरून आमच्याशी सात जन्मांचं वैर धरणारा, तो लिहितो, "ऑरिन थेयर कुंपणाबाबत खोटं बोलतो, पण कपाबाबत खरं बोलतो. १९०३ साली माझी कंबर मोडली तेव्हा न मागता त्यानं कप आणून दिला. पैसे काढले तर रागावला."

रागावणारच. आजाऱ्याच्या खोलीत नेलेल्या वस्तूचे पैसे आपल्याकडं कोण घेतं? तुला हे कधी लिहिलं नव्हतं, लिहिण्यासारखं त्यात काय आहे? ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलं त्या घरात ऑरिननं कप नेऊन दिला. ते उठले, किंवा गेले, की घरची माणसं कप राखेनं घासतात, आत साखरेचा खडा नाहीतर अक्रोड घालतात आणि पुढच्या घरी देतात. कप झिजला की दुकानात परत येतो, तोसुद्धा रिकामा नाही. पाच-सहा वर्षं असंच चाललंय.

ऑरिन ऐकता ऐकता रडला. म्हणाला, "मला वाटायचं, यांना कप मिळाला, बस. कोणी ध्यानात ठेवलं असेल असं वाटलं नव्हतं." लग्नानंतर मी त्याला दुसऱ्यांदाच रडताना पाहिलं.

आता सांग तुझ्या परीक्षकाला, म्हणावं, एवढे साक्षीदार कुणाकडं असतात?

अल्मायरा

---

वॉशिंग्टन
१३ मे १९०८

ताई,

पाकीट पोचलं. आज सकाळी वकीलसाहेबांना पेटंट कचेरीत बोलावून घेतलं होतं.

दोन वर्षांची अट मी तुला ऑक्टोबरात लिहिली होती. १९०३, १९०४. एकेका कागदावर साल घातलंय, सही केलीय, वाण्याचा शिक्का मारून घेतलाय. माणसानं शत्रूला हवं ते हातानं नेऊन द्यावं तसं झालंय. शत्रूही नाही ग तो, परीक्षक भला माणूस आहे. पेकबाईचा कागद त्यानं दोनदा वाचला म्हणे. पण वाचल्यावर न वाचल्यासारखं त्याला करता येत नाही.

उत्तर द्यायला आपल्याला मुदत मिळालीय. एक वाट आहे. सालं लिहिताना चूक झाली असं सगळ्यांनी पुन्हा लिहून द्यायचं. वय झालेल्या माणसांचं साल चुकणं नवं नाही. वकीलसाहेब असलं काही सांगणार नाहीत, त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं होतं. मी सांगतोय. ऑरिनला फक्त एवढं म्हणायला लाव, की बाकीचे कप परवापरवा दिले.

गावावर रागावू नकोस. आपलेच दात, आपलेच ओठ.

एझ्रा

---

ईस्ट हॅलम
२ जून १९०८

प्रिय एझ्रा,

तुझं पत्र हातात घेऊन मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन बसले. घरात कुठं बसणार? एका खोलीत लोटी, दुसऱ्या खोलीत ऑरिन.

हो, ऑरिन अंथरुणावर आहे. मार्चपासून. खोकला थंडीचा नव्हता, टिनाला डाख लावताना उठणाऱ्या धुराचा आहे, आणि आता त्यातून रक्त येतं. तुझ्या पत्रांतला आनंद बघून लिहायला हात धजला नाही. तोही आता त्याच कपातून पितो. मला म्हणतो, "तोटी थोडी लांब हवी होती. आजारी पडल्याशिवाय कळत नाही बघ."

पेकबाईला कळलं आणि ती एप्रनसकट धावत आली. स्वयंपाकघरात आमचं हळू आवाजात चाललं होतं. म्हणाली, "मी लिहून देते, माझं चुकलं. आई परवाच्या हिवाळ्यात गेली."

मी म्हटलं, "अगं, तिच्या थडग्यावर साल कोरलंय."

"वॉशिंग्टनहून कोण येतंय थडगं वाचायला? आणि आले तर मी दगड उपटून टाकीन. आईचीच आहे, ती मला माफ करील."

एवढ्यात आतून ऑरिनचा आवाज आला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. म्हणाला, "हॅना, तुझी आई एकदाच मेली. माझ्या कपासाठी तिला पुन्हा मारू नकोस."

पेकबाई तोंडावर एप्रन धरून निघून गेली. मी आत गेले. खूप भांडले त्याच्याशी, एझ्रा, आजारी माणसाशी भांडू नये तेवढं. म्हटलं, तुला तुझा खरेपणा प्यारा, मुलगी नाही. तो म्हणाला, "मी सही केली ती खरं समजून केली. आता खोटं कळल्यावर पुन्हा करू? रोज तिच्या खिडकीत पिवळे पडदे बघताना मला काय दिसेल?" पुढं बोलायला त्याला दम उरला नाही.

लोटीनं मधल्या भिंतीतून सगळं ऐकलं. मला म्हणाली, "आई, उंच खिडक्यांचं एक बरं असतं. पडदे लागत नाहीत." मी तिच्याकडं बघितलं तर ती हसत होती. मग मान भिंतीकडं वळवली आणि दुपारभर तशीच राहिली.

कुणीही काही पुन्हा लिहून देणार नाही. जे व्हायचं ते होऊ दे.

अल्मायरा

---

वॉशिंग्टन
१७ जुलै १९०८

प्रिय ताई,

अर्ज फेटाळला. कागद सोबत आहे, वाचला नाहीस तरी चालेल. त्यात एवढंच आहे की कप नवा आहे, उपयोगाचा आहे, ऑरिनचाच आहे, आणि त्यानं तो जगाला आधीच देऊन टाकलाय.

वरच्या मंडळापुढं जाता येतं, पण वकीलसाहेब म्हणाले नका जाऊ. फी त्यांनी घेतली नाही.

बोस्टनच्या कंपनीकडून काही कळलेलं नाही. त्यांचा विचार मनातून काढून टाक. रजा मिळाली की येतो.

एझ्रा

---

ईस्ट हॅलम
८ नोव्हेंबर १९०८

प्रिय एझ्रा,

ऑरिनच्या मातीला तू आलास, शवपेटीला खांदा दिलास, फार आधार वाटला. जाबेझ कोल तुझ्या पुढंच चालत होता. परतताना त्यानं आमच्या कुंपणाचा पडलेला खांब आपल्या हातानं उभा केला. आता त्याचं काय करायचं होतं? पण केला.

स्टेशनवर तू काहीतरी सांगता सांगता थांबलास आणि गाडी सुटली. ते काय होतं मला काल कळलं.

काल तोच विक्रेता गावात आला, मोठी पेटी घेऊन. पेटीत कप होते. पांढऱ्या मुलाम्याचे, वर निळी फुलं, आणि तोटीत झडप. माझ्याकडं तो आलाच नाही, पेकबाईच्या दारात गेला. तिनं आधी शांतपणे कप हातात घेतला, पाण्यानं भरला, त्याच्या डोक्यावर आडवा धरला आणि म्हणाली, "बघू तर, गळतो का." गळला. झडप रबराची आहे, नीट मिटत नाही. तो ओरडत राहिला, "बाई, कायद्यानं हा कप कुणीही करू शकतो!" ती म्हणाली, "कुणीही करू शकतं, पण तुम्हाला येत नाही!" गाव हसलं. मीही हसले असते.

चांगला निघाला असता तर मला कमी दुःख झालं असतं का जास्त, ठरवता येत नाही. ऑरिननं दिलेली वस्तू कंपनीनं घेतली, आणि बिघडवूनही ठेवली. तू हे जाणत होतास. कधीपासून?

घरमालकानं वसंतापर्यंत राहू देईन म्हटलंय. दुकानातल्या कातऱ्या, साचे मी विकायला काढलेत.

अल्मायरा

---

वॉशिंग्टन
१४ नोव्हेंबर १९०८

ताई,

जुलैपासून. नकाराची बातमी त्यांना लागली आणि त्यांनी लगेच साचे पाडले. इथल्या दुकानाच्या काचेत तो कप रोज बघत कचेरीत जातो. ऑरिन असेपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं, आणि तो गेल्यावर तोंड उघडलं नाही.

कचेरीत दाखल केलेलं चित्र परत मिळत नाही. माझ्याकडं आधीची प्रत होती, ती शाईनं पुरी करून पाठवतोय. खाली उजव्या कोपऱ्यात जिथं नाव असतं तिथं मी नाव घातलंय: ऑरिन थेयर, शोधक. त्याला कुणाच्या मंजुरीची गरज नाही.

तुम्ही दोघी इकडं या. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि मालकीण कटकटी आहे, पण काहीतरी करू.

एझ्रा

---

ईस्ट हॅलम
३ मार्च १९०९

प्रिय एझ्रा,

तिसऱ्या मजल्यावर लोटीला कोण चढवणार आणि कोण उतरवणार? तू दिवसभर चित्रं काढणार, मी कुठं राबणार, आणि ती चार भिंतींकडं बघणार. तुझं मन कळलं, तेवढं पुरे.

मी खालच्या गावात कापडगिरणीत लागतेय. राहणं तिथल्याच मुलींच्या वसतिगृहात. म्हातारपणी मुलगी झाले म्हणायचं. तिथं लोटीला ठेवून घेत नाहीत.

काल गावाची वार्षिक सभा झाली. लोटीचा विषय पुलाच्या फळ्यांनंतर आणि गावच्या वळूच्या आधी होता. आम्हा बायकांना सभेत बोलायची मुभा नाही, आम्ही मागच्या खोलीत जेवण वाढायच्या तयारीत. वाण्यानं वाचलं, "ऑरिन थेयरच्या मुलीला गरीबघरात ठेवायचं का." मग पेकबाई बीन्सचा डाव हातात घेऊन दारात उभी राहिली. पुरुषांपैकी कुणीतरी म्हणालं, "हॅना, तुला बोलता येत नाही." ती म्हणाली, "मला एवढं बोलता आलं नसतं तर ही पोरगी आज आपल्या घरात असती. एकदा बोलून बुडवलं, आता बोलूनच भरून काढणार. ती माझ्याकडं राहील."

तेव्हा जाबेझ कोल उठला. म्हणाला, "एकट्या हॅनाकडं का? कप घरोघर फिरतो तशी पोर फिरेल. ज्या ज्या घरानं तो कप वापरला, त्या प्रत्येक घरात एकेक महिना. गरीबघराच्या दारातून ती आत जाणार नाही." सगळे हात वर झाले, एझ्रा. एकही खाली राहिला नाही.

मी आभार मानले. मनापासून मानले, अशी माणसं कुठं मिळतात? मग घरी येऊन दुकानाच्या रिकाम्या भट्टीपुढं बसले आणि मोठ्यानं रडले. सगळं गाव माझ्या मुलीला घर देतंय. मला तिला एकच घर द्यायचं होतं.

अल्मायरा

---

ईस्ट हॅलम, कोल यांचं घर
३० मे १९०९

प्रिय एझ्रामामा,

मी सांगतेय आणि पेककाकू लिहितायत. खास त्यासाठी त्या इथं आल्यात, कारण जाबेझकाकांचं अक्षर त्यांनाच वाचता येत नाही. साक्षीच्या वेळी ते इतकं स्वच्छ कसं आलं, असं पेककाकू विचारतायत. जाबेझकाका म्हणतात, त्या दिवशी त्यांनी हळू लिहिलं होतं.

मी बरी आहे. पेककाकूंकडं एप्रिल काढला, तिथं खिडकीतून गोठा दिसायचा. इथून आमचं कुंपण दिसतं, आणि कुंपणापलीकडं आमची खिडकी. आता तिथं एक सुतार राहतो. त्याच्या बायकोनं पडदे लावलेत, पिवळे नाहीत. जाबेझकाकांनी माझा पलंग दोनदा हलवून बघितला, तिकडं तोंड करू का भिंतीकडं, त्यांना समजेना. मी म्हटलं, असू दे तिकडंच.

तुम्ही काढलेलं चित्र माझ्याबरोबर फिरतं. जिथं जाईन तिथं पायथ्याशी लावतात, म्हणजे मला पडून दिसतं. अक्षर छान आहे मामा, बाबांचं नाव लांबून वाचता येतं. गावातलं कुणी आजारी नसलं तरी लोक चित्र बघायला येतात. जाबेझकाका त्यांना झडप समजावून सांगतात, आणि चुकीची सांगतात.

आई महिन्यातून एका रविवारी येते. बोटं कापलेली असतात तिची, लपवते. मी कपातून पिते आणि ती बघत बसते. बोलत फार नाही आम्ही.

एक गोष्ट आईला सांगितली नाही, तुम्हाला सांगते. पेककाकूंकडून मला इकडं आणलं तेव्हा गाडीत चढवताना त्यांनी माझ्या पोटावर रुमालात साखरेचे खडे बांधून ठेवले. सवयीनंच ठेवले असतील, कप रिकामा पाठवायचा नाही ना. इथून परवा निघताना जाबेझकाका अक्रोड ठेवणार आहेत, त्यांनी ते आधीच फोडून ठेवलेत. सगळे फार चांगले आहेत. पण मामा, कप कितीही घरं फिरला तरी झिजला की बाबांच्या दुकानात परत यायचा. मी कुठं परत जायचं, हे मात्र सभेत कुणी ठरवलं नाही.

पेककाकू लिहायच्या थांबल्यात. म्हणतात, हे वाक्य नको घालूया. मी म्हटलं, घाला, तुम्ही खरी साक्ष देणाऱ्या बाई आहात.

तुमची,
लोटी